अडीचाचं माप

तीन वर्षं एका वृद्धाश्रमाची कोठी माझ्या ताब्यात होती. त्या तीन वर्षांत तिथली माणसं माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेली आणि मी त्याला म्हातारपण म्हणत राहिलो. ती माझी चूक होती. ती कशी घडली आणि माझं मन कशाने बदललं, ते लिहायला बसलो आहे.

मी बोदवडचा. जिल्हा परिषदेच्या शाळांमधून नोकरी केली आणि तालुक्यातल्याच एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर वर्षभराने जवळच्याच एका वृद्धाश्रमाच्या मंडळाने बोलावलं. हिशोबाला चोख माणूस हवा होता. त्या घराचं नाव मी सांगणार नाही. तिथली माणसं भली होती आणि आहेत. धान्य किती काढायचं, ताटात काय पडायचं, जेवण किती वाजता द्यायचं हे सगळं मी ठरवत होतो, म्हणून जबाबदारी माझी.

मला अन्नाबद्दल काय वाटत होतं ते आधी सांगतो. माझे वडील साठीनंतर एकभुक्त राहिले. दुपारी एक भाकर, वाटीभर वरण, संध्याकाळी ताक. अंगाने काटक होते, ऐंशी ओलांडून गेले. घरात त्यांच्या जेवणाकडे एखाद्या व्रताकडे बघावं तसं बघितलं जायचं. म्हातारपणी जीभ आवरावी, रात्रीचं हलकं घ्यावं, देह जितका हलका तितका जीव मोकळा, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यात आमचं गाव पाण्याचं दुष्काळी. नळाला आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी यायचं, ते साठवून, मोजून वापरायचं. पुरवून वापरणं हा आम्हा बोदवडकरांचा स्वभावच होऊन गेलेला. कमी लागणाऱ्या माणसाबद्दल मला आपोआप आदर वाटायचा. आश्रमात गेलो तेव्हा हा आदर बरोबर घेऊन गेलो, आणि तो तिथल्या माणसांवर लादला.

व्यवस्था मी अशी बसवली होती. सकाळी साडेसातला चहा आणि दोन बिस्किटं. साडेअकराला जेवण: एक भाकर किंवा दोन पोळ्या, वरण, एक भाजी. तीनला चहा. संध्याकाळी सहाला खिचडी किंवा वरणभात, की दिवस संपला. सहाच का, तर स्वयंपाकाच्या मावशींना सातची गाडी गाठायची असे. वरण पातळ, कारण ते पचायला हलकं असं मी समजत होतो, शिवाय डाळ पुरायची. तेल-तूप बेताचं. शर्करा, म्हणजे मधुमेह, असलेल्यांना गूळ, केळी, भात बंद. रक्तदाब असलेल्यांना मीठ जवळजवळ बंद. माणशी रोजचा खर्च मी पैशापर्यंत काढायचो. मंडळाच्या बैठकीत तो आकडा वाचून दाखवला की सगळे माझं कौतुक करायचे.

आणखी एक गोष्ट होती. ती मी कुणाजवळ बोललो नव्हतो. रात्री कमी खाल्लं की रात्री कमी उठावं लागतं. अंथरुणं कमी खराब होतात. रात्रपाळीला एकच सेविका असायची. दोघा-तिघांचं अंथरूण बदलायची वेळ आली की ती रडकुंडीला यायची. संध्याकाळी पाणी बेताने द्या, असं मीच तिला सांगितलं होतं. सोय होती ती आमची. मी तिला पथ्य हे नाव दिलं होतं.

पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यात एक दादा गेले. मुक्ताईनगरकडचे, आयुष्यभर वारी केलेले. शेवटचे चार महिने ते ताटातलं अर्धं अन्न परत करायचे. मी विचारलं तर हात जोडून म्हणायचे, "बस झालं गुरुजी." मी नोंदवहीत लिहिलं: स्वेच्छेने अल्पाहार घेतात. मला त्यात वैराग्य दिसलं. ते गेले त्या दिवशी मी इतरांना सांगितलं की असं मरण भाग्यवंताला येतं. ती नोंद माझ्या अक्षरात अजून त्या वहीत आहे.

मग तिसऱ्या वर्षाचा श्रावण आला. दर श्रावणात ओळखीची एक कासारीण आश्रमात यायची. विधवा-सधवा हा भेद आम्ही ठेवला नव्हता, ज्यांना हौस त्यांनी बांगड्या भराव्यात. जामठीच्या बाजूच्या एक आजी होत्या. शेतात राबलेल्या, रुंद हाडाच्या, बोलायला खणखणीत. त्यांचा हात कासारणीने हातात घेतला आणि ती थांबली. गेल्या सालच्या दोन बांगड्या मनगटात होत्या, त्या तिने बोटाने वर सारल्या. त्या कुठेही न अडता कोपरापर्यंत गेल्या.

"माय, मागच्या सालले अडीचाचं माप भरलं व्हतं तुले. आता सव्वादोन बी सैल होते. काय झालं व?"

आजी हसल्या. "म्हातारपण व माय."

मी खुर्चीवर बसून ऐकत होतो. तेच शब्द, माझेच. पण कासारीण हसली नाही. तिने बाजूच्या दुसऱ्या आजींचा हात घेतला, मग तिसऱ्या. सगळ्यांची मापं तिला पाठ होती, वर्षानुवर्षं त्याच हातांना तिने चुडा चढवलेला. टोपली आवरताना ती माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "गुरुजी, सगळ्याच बाया उतरल्या. एकदम सगळ्या कशा काय म्हाताऱ्या झाल्या?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कोठीघरातला धान्याचा काटा बाहेर काढला. पोती तोलायचा, शंभर किलोचा, जमिनीवर ठेवायचा. त्यावर मी तीन वर्षं ज्वारी तोलली, डाळ तोलली, गॅसच्या टाक्यासुद्धा तोलल्या. माणूस एकदाही नाही. ज्यांना उभं राहता येत होतं त्या सगळ्यांना एकेक करून, सेविकेचा हात धरून, त्यावर उभं केलं. प्रवेशाच्या वेळी डॉक्टरांचा दाखला लागतो, त्यावर अनेकांचं वजन लिहिलेलं होतं. ते कागद शोधून शेजारी मांडले. ज्यांचं जुनं वजन मिळालं त्यांतल्या निम्म्याहून जास्त माणसांचं वजन उतरलेलं होतं. जामठीच्या आजी आल्या तेव्हा ४७ किलो होत्या. काटा ३८वर थांबला. मी त्यांना उतरवून परत उभं केलं. ३८च.

इथे मला माझ्या नोकरीची आठवण सांगितलीच पाहिजे, कारण जास्त लाज तिथे वाटली. शाळेत मी वर्षानुवर्षं पोषण आहाराच्या नोंदी ठेवल्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला एकवेळच्या जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. तांदूळ लहान मुलाला १०० ग्रॅम, मोठ्याला १५०. डाळ २० आणि ३०. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. कॅलरी आणि प्रथिनांचे आकडे तर २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यातच लिहिले होते. शाळेच्या भिंतीला लागून अंगणवाडी होती. तिथल्या ताई दर महिन्याला प्रत्येक पोराचं वजन घेऊन तक्त्यावर ठिपका मांडायच्या. ठिपका खाली उतरला की ताई त्या घरी जायच्या आणि आईला विचारायच्या, काय झालं, आजारी होता का, खात का नाही. एका महिन्याचं वजन घटलं तर धावपळ व्हायची. मी रोज ते बघत होतो. पण नऊ किलो गमावलेल्या बाईकडे रोज दोनदा ताट वाढताना बघून माझ्या डोक्यात हा प्रश्न आला नाही. मूल वाळलं तर आजार आणि म्हातारं वाळलं तर वय, अशी माझ्या डोक्यात पक्की वाटणी झाली होती.

तालुक्याला एक तरुण डॉक्टर ताई होत्या. मी वजनांची यादी घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला एका आंतरराष्ट्रीय तपासणीबद्दल सांगितलं. १९९०च्या दशकात म्हाताऱ्या माणसांचं पोषण तपासण्यासाठी ती तयार झाली आणि जगभरच्या वृद्धाश्रमांत वापरली जाते. तिच्या छोट्या रूपात सहाच प्रश्न आहेत. गेल्या तीन महिन्यांत खाणं कमी झालं का? वजन उतरलं का? माणूस हिंडतो-फिरतो का? एवढ्यात मोठं दुखणं किंवा मनाला धक्का बसला का? विसरभोळेपण किंवा उदासी आहे का? आणि शेवटी उंचीच्या मानाने वजन. एकूण गुण १४. बारा किंवा जास्त असतील तर ठीक, आठ ते अकरा म्हणजे धोका, सात किंवा कमी म्हणजे कुपोषण. उंची मोजता येत नसेल, पाठ वाकलेली असेल, तर शिंप्याच्या टेपने पोटरीचा घेर घ्यायचा. तो ३१ सेंटिमीटरच्या खाली असेल तर काळजीची गोष्ट.

कुपोषण. हा शब्द मी आयुष्यभर मेळघाटासाठी वापरला होता, लहान लेकरांसाठी वापरला होता. आश्रमातल्या आज्या-दादांसाठी तो कागदावर लिहिताना माझा हात थांबला. डॉक्टर ताईंनी शांतपणे सगळ्यांची तपासणी केली. जामठीच्या आजींचे गुण सहा आले.

मग त्यांनी मला समोर बसवून एका दिवसाच्या ताटाचा हिशोब करायला लावला. मी हिशोबाचा माणूस, मला ते जमणारच होतं. एका भाकरीत सहा ग्रॅम प्रथिनं, माझ्या पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम तीन-चार, चहातल्या दुधाची दोन-तीन, खिचडीची सात-आठ, बाकी किरकोळ. ताट पूर्ण संपवलं तर दिवसाकाठी एकवीस-चोवीस ग्रॅम. पण ताट संपत नव्हतं. अर्धी भाकर परत यायची. पोटात जात होतं ते अठराच्या आसपास. शाळेत बारा वर्षांच्या पोराला एका वेळेला वीस ग्रॅम मिळावेत म्हणून मी वरिष्ठांशी भांडलो होतो.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला पूर्ण नवी होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ माणसासाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांचं प्रमाण धरलं आहे. वय झालेल्या माणसाला मात्र किलोमागे निदान एक ग्रॅम हवं आणि तीसेक कॅलरी हव्यात, असं युरोपातल्या पोषणतज्ज्ञांची संस्था सांगते. दुखणं, जखम असेल तर त्याहूनही जास्त. कारण म्हातारं शरीर खाल्लेल्या प्रथिनांतून स्नायू बांधायला आळस करतं. तरुणाचं थोडक्यात भागतं, म्हाताऱ्याला तेवढ्याच कामासाठी जास्त लागतं. मी तीस वर्षं याच्या नेमकं उलट मानत होतो. काम नाही, हालचाल नाही, मग खायला कशाला हवं, असा माझा सरळ हिशोब होता. शरीराला खायला कमी पडलं की ते स्वतःच्या मांडीतून, दंडातून, पोटरीतून घेतं. मग माणूस उठताना भेलकांडतो, पडतो, खुब्याचं हाड मोडतं. जखमा भरत नाहीत. खोकला छातीत उतरतो. आम्ही दाखल्यावर पडल्याचं किंवा न्यूमोनियाचं लिहितो. भूक कुठेच लिहिली जात नाही.

"पण त्यांना भूकच नसते," मी म्हणालो. खरंच तसं वाटत होतं मला. ताई म्हणाल्या, "गुरुजी, एकेकाला विचारलंत का, का नाही लागत?"

विचारलं नव्हतं. पुढचे आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. वही घेऊन प्रत्येकाच्या खाटेशी बसलो.

एका आजींनी पदर तोंडावर धरून सांगितलं, "भाकर कशी चावू गुरुजी, दातच नही." त्यांची कवळी डब्यात होती. हिरड्या झिजल्या, तोंड बारीक झालं, कवळी सैल होऊन टोचायला लागली, म्हणून काढून ठेवलेली. सहा महिने. त्या वरणात भाकर कुस्करायच्या, पण वरण पातळ, भाकर कडक, ती भिजायच्या आत मावशी ताटं उचलायला यायच्या. एका दादांना हाताला कंप होता. चमचाभर वरण तोंडापर्यंत येईस्तोवर अर्धं सांडायचं. शेजारचे बघतात म्हणून ते चार घास खाऊन उठायचे. एकाला सकाळच्या गोळ्यांनी मळमळायचं. एकीला बद्धकोष्ठ, चार-चार दिवस पोट साफ नाही, त्यावर घास कुठून जाणार? आणि पोट साफ नव्हतं कारण ती पाणी पीत नव्हती, आणि पाणी पीत नव्हती कारण रात्री उठायची भीती, आणि ती भीती मीच घातलेली. जळगाव जिल्ह्याचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात मी म्हाताऱ्या माणसांना पाणी बेताने द्यायला सांगितलं होतं. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते, तहान लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो, हेही मला तेव्हाच कळलं.

जामठीच्या आजींचं कारण वेगळंच निघालं. त्यांचा धाकटा मुलगा वर्षापूर्वी गेला होता. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. "पोट मागते, मन नको म्हणते," एवढंच म्हणाल्या. डॉक्टर ताईंनी त्याला उदासीचा आजार म्हटलं आणि त्यावर औषध सुरू केलं. मी त्याला समजूतदारपणा म्हणत होतो.

शर्करेचे एक दादा पहाटे घामाने भिजायचे, बडबडायचे. आम्ही म्हणायचो, वयाने भ्रमिष्ट झाले. संध्याकाळी सहाला मूठभर खिचडी, वर मधुमेहाची गोळी, आणि मग सकाळी साडेसातपर्यंत काही नाही. साडेतेरा तास. त्यांची साखर पहाटे उतरत होती. अमेरिकेत सरकारी मदत घेणाऱ्या शुश्रूषागृहांना रात्रीचं भरपेट जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत, झोपताना पौष्टिक काही दिलं नाही तर, १४ तासांपेक्षा जास्त अंतर ठेवता येत नाही, तसा नियमच आहे. आमचं अंतर साडेतेरा दिसायचं, पण सकाळी मिळायची ती दोन बिस्किटं. खरं जेवण साडेअकराला. म्हणजे साडेसतरा तास. आपल्याकडे असा नियम मला कुठे आढळला नाही. असता तर मी तो पाळला असता, कारण मी नियम पाळणारा माणूस आहे. पण नियम नव्हता म्हणून मला ते दिसलं नाही, ही काही सबब होऊ शकत नाही.

ही गोष्ट आमच्या एका आश्रमाची नाही, हे पुढे वाचताना कळत गेलं. मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये देशभर वयस्कर माणसांची मोठी पाहणी केली. तिच्या अहवालाप्रमाणे साठीपुढच्या माणसांपैकी २७ टक्क्यांचं वजन असायला हवं त्यापेक्षा कमी होतं. ही पाहणी घराघरांत जाऊन केलेली, म्हणजे ही माणसं आपापल्या घरांत, बहुतेक लेका-सुनांत राहणारी. त्याच पाहणीत २२ टक्के माणसं जास्त वजनाचीही निघाली. त्यामुळे 'कमी खा' हा एकच सल्ला सगळ्यांच्या माथी मारणं किती घातक आहे ते कळतं. अमेरिकेतही हे झालेलं आहे. १९७४ साली चार्ल्स बटरवर्थ नावाच्या डॉक्टरांनी लेख लिहून आपल्याच व्यवसायाला खडसावलं होतं. रुग्णालयात दाखल माणसांची वजनं लिहिली जात नाहीत, तपासण्यांच्या नावाखाली जेवणावर जेवणं बुडतात, आणि माणसं उपचार घेता घेता उपासमारीने खंगतात, असं त्यांनी दाखवून दिलं. ते वाचताना मला माझा काटा आठवला.

आपल्याकडे २००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा आहे. निर्वाह म्हणजे काय, हे सांगताना त्यात पहिला शब्द अन्न आहे. वस्त्र, निवारा, औषधोपचार त्याच्या मागून येतात. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान दीडशे जणांची सोय होईल असे आश्रम उभारावेत, असंही तो म्हणतो. जागा किती, खाटा किती, याचा हिशोब लागतो. खाटेवरच्या माणसाचं वजन गेल्या वर्षी किती होतं, याचा लागत नाही.

मंडळाच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. आकडे वाचले, नोंदवही दाखवली, मुक्ताईनगरच्या दादांबद्दलची माझी ओळ वाचली. चूक माझी, असं स्वच्छ म्हणालो. एक सदस्य म्हणाले, गुरुजी, मनाला लावून घेऊ नका, वय झालेलं असतं. त्यांच्या बोलण्यात दया होती, पण मला तेव्हा कळलं की ही दयाच इतकी वर्षं आडवी आलेली आहे. खर्च वाढणार होता. थोडी चर्चा झाली, मग मंजूर झालं. माणशी खर्चाचा आकडा मी त्यानंतर बैठकीत वाचला नाही, वजनं वाचू लागलो.

कोठीत काय बदललं ते सांगतो, कारण कुणाला उपयोग होईल. वरण घट्ट झालं. भाकर कळण्याची, ज्वारीत उडीद दळून. तवा उतरला की लगेच तूप लावून फडक्यात गुंडाळायची, म्हणजे मऊ राहते. दात नसलेल्यांची भाकर आम्ही आधीच गरम दुधात किंवा कढीत भिजवून ठेवतो. आठवड्यातून दोनदा फुनके आणि कढी. डाळ भिजवून वाटून उकडलेली, तोंडात विरघळते, आणि खानदेशातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला फुनके म्हटलं की घर आठवतं. भाज्यांत शेंगदाण्याचा कूट सढळ हाताने. वांग्याचं भरीत, त्यात तेल मोजायचं नाही. रावेर-यावलची केळी दारात येतात, ती शर्करेवाल्यांनाही अर्धी-अर्धी, डॉक्टरांना विचारून. ज्यांना चालतं त्यांना रोज एक अंडं. रात्रीचं जेवण साडेसातला. मावशींना रात्री घरी सोडायला रिक्षा लावली. नऊला प्रत्येकाला कपभर दूध, बरोबर दशमी किंवा राजगिऱ्याचा लाडू. सकाळी चहाबरोबर उपमा, शिरा, थालीपीठ, जे असेल ते. अळणी जेवण बंद केलं. चवीला मीठ, ठेच्याचं बोट, लोणच्याची फोड परत आली. म्हातारपणी पथ्यं लादून खाणं कमी होत असेल तर त्या पथ्याने नुकसानच जास्त होतं, असं आता आहारतज्ज्ञच म्हणतात.

सगळं जमलं असं नाही. दूध वाढवल्यावर पहिल्या आठवड्यात चौघांचं पोट बिघडलं, त्यांना दह्यावर आणलं. फार खंगलेल्या एका दादांना मी उत्साहाने एकदम भरपूर खायला घालू लागलो, तर डॉक्टर ताई रागावल्या. खूप दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम जास्त अन्न दिलं तर रक्तातले क्षार बिघडून जीव जाऊ शकतो, हळूहळू वाढवायचं असतं. एका आजींना पाणी पिताना ठसका लागायचा, त्यांना गिळण्याचा त्रास होता. त्यांना बसवूनच भरवायचं, पातळ पदार्थ जपून द्यायचे, हे शिकावं लागलं. आणि सगळ्यांत अवघड निघाला तो वेळ. भरवायला एका माणसामागे अर्धा तास लागतो. तो पैशाने मिळत नाही. गावातल्या माझ्यासारख्या पाच-सहा निवृत्तांनी पाळ्या लावून घेतल्या. कंप असलेल्या दादांच्या शेजारी मी बसतो. आम्ही दोघं एकाच वेळी जेवतो. वाटी खोलगट केली, चमचा जाड दांड्याचा आणला, आता सांडतं पण कमी.

जामठीच्या आजींना पहिले दोन महिने काहीच फरक नव्हता. मग एक दिवस त्यांनी मावशींना सांगितलं की भरताला वांगी नीट भाजलेली नाहीत, मी दाखवते. चुलीपुढे पाट टाकून बसल्या. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच परत वाढून घेतलं. आठ महिन्यांनी त्यांचं वजन ४१.५ किलो झालं. ४७ झालं नाही. गेलेलं सगळं परत येत नाही, या वयात तर नाहीच. पण त्या आता संडासला स्वतः जातात, कुणाचा हात लागत नाही.

मुक्ताईनगरच्या दादांबद्दल मी खूप विचार केला आहे. त्यांची भूक आजाराने गेली होती, दाताने, मनाने की गोळ्यांनी, हे आता कधीच कळणार नाही, कारण कुणी विचारलं नाही. ते जगले असते असं मी म्हणत नाही. पण ते उपाशी गेले की तृप्त गेले, हे मला माहीत असायला हवं होतं. त्यांच्या जेवणाची जबाबदारी माझ्यावर होती.

धान्याचा काटा मी परत कोठीत ठेवला. माणसांसाठी नवा घेतला, हात धरायला कठडा असलेला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, चहाच्या आधी, सगळ्यांची वजनं होतात आणि वहीत तारखेसह लिहिली जातात. उभं राहता येत नाही त्यांच्या पोटरीचा घेर घेतो. दोन किलोपेक्षा जास्त उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मी वयाने थकलो, आता कोठी दुसऱ्याकडे आहे, पण सोमवारी मी जातो.

तुमच्या घरात साठी-सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, किंवा कुणी आश्रमात ठेवलेलं असेल, तर या महिन्यात त्यांचं वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात परत करा. आश्रमात असतील तर वजनाची वही मागा, आणि जेवणाच्या वेळेला भेटायला जा, त्यांच्या पंगतीला बसा. वही नसेल तर सुरू करायला लावा. ताट भरलेलं परत जात असेल तर 'बस झालं' या उत्तरावर उठू नका. तिथे कुणी ऐकत नसेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा सरकारी मदत क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

जामठीच्या आजींनी या श्रावणातही बांगड्या भरल्या. माप सव्वादोनचंच आहे, पण बांगड्या आता कोपरापर्यंत जात नाहीत.